दोन तारखांच्या मधलं

नोकरीला लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि मी एक अख्खं जंगल नाहीसं करून बसले.

काम म्हटलं तर सोपं होतं. एकाच जागेची उपग्रहानं टिपलेली दोन चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी लावायची आणि जिथं फरक दिसेल तिथं माउसनं ठिपके देत देत त्याची हद्द आखायची. पहिल्या चित्रात एक डोंगरउतार गडद लाल होता. आमच्या चित्रांत रान लाल दिसतं, ते का ते पुढं सांगते. दुसरं चित्र तीन वर्षांनंतरचं. त्यात तोच उतार राखाडी, मध्येच करडा, कुणीतरी खरवडून काढल्यासारखा. मी हद्द आखली, क्षेत्रफळ काढलं, आणि आकडा बघून पोटात गोळाच आला. एवढं रान तुटलं आणि कुणाला पत्ता नाही! तावातावानं दोन पानी टिपण लिहिलं, त्यात ‘बेसुमार वृक्षतोड’ हा शब्द तीनदा वापरला आणि सरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

सर जुन्या पठडीतले. मागून उजेड देणाऱ्या काचेच्या टेबलावर ट्रेसिंग पेपर पसरून पेन्सिलीनं हद्दी आखण्यापासून सुरुवात केलेले. टिपणाकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

“तारखा काय आहेत गं?”

पहिलं चित्र ऑक्टोबरमधलं, दुसरं एप्रिलमधलं.

“आणि झाडं कसली आहेत?”

मी नकाशा चाळला. साग.

“पानगळ आहे ती,” सर म्हणाले. “पाऊस होऊन गेला की बघ. येईल तुझं जंगल परत.”

आलं. तिसऱ्या वर्षीचंच ऑक्टोबरचं चित्र मुद्दाम शोधून उघडलं, तर उतार होता तसा लालभडक, आणि एका कोपऱ्यात, जिथं मी पाहिलंच नव्हतं, तिथं मात्र एक छोटा चौकोन खरोखर साफ केलेला. मोठ्या खोट्या बदलाच्या नादात छोटा खरा बदल माझ्या नजरेतून सुटला होता. टिपण मी फाडून टाकलं, पण चौकोन अजून डोळ्यांसमोर आहे.

तेव्हापासून कुठलंही चित्र समोर आलं की मी आधी तारीख बघते. चित्र नंतर.

आता त्या लाल रंगाबद्दल. पान आपल्याला हिरवं दिसतं, हा खरं तर आपल्या डोळ्यांचा तोकडेपणा. पानातलं हरितद्रव्य उन्हातला लाल आणि निळा प्रकाश पिऊन टाकतं, हिरव्यातला थोडा परत करतं, तेवढाच आपल्याला दिसतो. पण लाल रंगाच्या पलीकडं, जिथं आपली नजर संपते तिथं, अवरक्त प्रकाश असतो आणि तो पानाच्या काहीच कामाचा नसतो. पानाच्या आतल्या पेशी विस्कळीत रचलेल्या असतात, त्यांच्यामध्ये हवेच्या पोकळ्या असतात, आणि त्यांच्यावर आपटून या अवरक्त प्रकाशाचा जवळजवळ निम्मा भाग बाहेर फेकला जातो. आपल्याला तो दिसत असता तर प्रत्येक झाड नुसतं झळाळत उभं असलेलं दिसलं असतं. उपग्रहाला दिसतो. मग तो आपल्याला दाखवायचा तर पडद्यावर कुठला तरी दिसणारा रंग उसना द्यावा लागतो, आणि प्रथा अशी पडली की अवरक्ताला लाल द्यायचा.

ही प्रथा मूळची लढाईतली. दुसऱ्या महायुद्धात अवरक्त प्रकाश टिपणारी रंगीत फिल्म वापरात आली, कारण रणगाड्यावर हिरवं जाळं टाकलं तर विमानातून बघणारा माणूस फसतो, पण ती फिल्म फसत नाही. रंगवलेलं हिरवं आणि जिवंत हिरवं यांच्यातला फरक तिला कळतो. तोडून आणलेली फांदी वाळायला लागली की तिचाही रंग या फिल्मवर उतरतो. लपलेले रणगाडे शोधायला निघालेल्या माणसांना वाटेत पिकाची नाडी सापडली, असं म्हणायला हरकत नाही. आज जगभर पिकांच्या तब्येतीचे जे नकाशे निघतात, त्यांच्या मुळाशी अवरक्त आणि लाल या दोन आकड्यांची वजाबाकी आणि त्याच दोन आकड्यांची बेरीज आहे. वजाबाकीला बेरजेनं भागायचं. शाळेतलं गणित.

या सगळ्याची रीतसर सुरुवात १९७२ सालची. त्या वर्षी २३ जुलैला अमेरिकेनं एक उपग्रह सोडला, ज्याला पुढं लँडसॅट-१ हे नाव मिळालं. त्यासाठी सहा-सात वर्षं आग्रह धरणारे, तिथल्या भूगर्भ सर्वेक्षणाचे माजी प्रमुख विल्यम पेकोरा उड्डाणाच्या चारच दिवस आधी वारले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अपोलो-१७ च्या अंतराळवीरांनी पृथ्वीचा तो प्रसिद्ध निळा, गोल फोटो काढला. जगाला आठवतो तो फोटो. मला मात्र त्या फोटोचं फारसं कौतुक नाही. सुंदर आहे, पण एकदाच काढलेला आहे. लँडसॅटची चित्रं पहिल्या दिवसापासून कुणाच्या भिंतीवर लागण्याच्या लायकीची नव्हती, पण तो दर १८ दिवसांनी त्याच जागेवर परत येत होता, आणि साधारण त्याच वेळेला, सकाळी. वेळ तीच ठेवण्यात मोठी हुशारी आहे. सूर्य रोज साधारण त्याच बाजूला असला की सावल्या त्याच बाजूला पडतात, मग चित्रांत जो फरक उरतो तो जमिनीचा, उन्हाचा नाही. (ऋतूचा असतो. ते मी शिकले.)

या उपग्रहावर दोन उपकरणं होती. मान होता तो टीव्हीच्या तंत्रावर चालणाऱ्या कॅमेऱ्यांना. दुसरं उपकरण म्हणजे व्हर्जिनिया नॉरवुड नावाच्या अभियंता बाईंनी आखलेला स्कॅनर. त्यात एक आरसा सेकंदाला तेरा वेळा डावी-उजवीकडं हलायचा आणि खालची जमीन पट्ट्यापट्ट्यानं टिपायचा. असा सतत ठोके घेणारा आरसा अवकाशात किती दिवस टिकणार, अशी शंका पुष्कळांना होती. म्हणून तो दुय्यम. उड्डाणानंतर थोड्याच आठवड्यांत विजेच्या बिघाडानं टीव्ही कॅमेरे बंद ठेवावे लागले, आणि आरसा मात्र ठोके घेत राहिला. पुढच्या पन्नास वर्षांच्या सगळ्या नोंदींची मापं त्या राखीव गड्यानं घालून दिली.

त्याची नजर मात्र जाडीभरडीच. चित्रातला एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, जमिनीवर साधारण ८० मीटर लांब-रुंद. त्यात जे काही असेल, घर, झाड, रस्ता, डबकं, त्या सगळ्याचं मिळून एकच सरासरी मूल्य. नवख्या माणसाला वाटतं की पिक्सेलपेक्षा लहान वस्तू दिसणारच नाही. मलाही वाटायचं. मग सरांनी मला त्या बेटाची गोष्ट सांगितली.

कॅनडाच्या लॅब्रॅडॉर किनाऱ्यापासून सुमारे २० किलोमीटरवर, उघड्या समुद्रात, एक खडक आहे. २५ मीटर रुंद, ४५ मीटर लांब. कुठल्याच नकाशावर तो नव्हता. १९७६ मध्ये बेटी फ्लेमिंग नावाच्या बाई लँडसॅटची चित्रं आणि किनाऱ्याचे नकाशे ताडून बघत होत्या, तेव्हा काळ्या समुद्रात एका ठिपक्याचं मूल्य शेजारच्यांपेक्षा वेगळं निघालं. बेट अख्खं त्या ठिपक्यात मावून वर जागा उरेल एवढंसं, पण पाणी इतकं काळं आणि खडक इतका उजळ की सरासरी बिघडली. आता खात्री कशी करायची? डॉ. फ्रँक हॉल यांना हेलिकॉप्टरमधून पट्ट्यानं बांधून खाली सोडलं. ते खाली टेकतायत तोच बेटाच्या माथ्यावरून कुणीतरी त्यांच्यावर पंजा उगारला. ध्रुवीय अस्वल. पांढऱ्या बर्फावर पांढरं, म्हणून वरून दिसलंच नव्हतं. हॉलसाहेबांनी दोर ओढून इशारा केला आणि वर खेचले गेले. त्या बेटाला आता लँडसॅटचंच नाव आहे.

९०० किलोमीटर उंचीवरून खडक दिसला, आणि हेलिकॉप्टरमधून अस्वल दिसलं नाही. कामात अडले की मला हे आठवतं. उंची किती यापेक्षा पार्श्वभूमीशी किती फरक, यावर दिसणं ठरतं.

पुढं पिक्सेल लहान होत गेले, ३० मीटर, मग १०, आणि विकत घ्यायची तयारी असेल तर आता अर्ध्या मीटरच्याही आत. तरी जुनी युक्ती चालूच आहे. सम्राट पेंग्विन अंटार्क्टिकाच्या समुद्रावरच्या बर्फात वसाहत करून राहतात, महिनोन्‌महिने एकाच जागी. ३० मीटरच्या पिक्सेलमध्ये पेंग्विन दिसायची बातच नको. पण इतके पक्षी इतके दिवस एका जागी राहिले की बर्फावर विष्ठेचा तपकिरी डाग पडतो. ब्रिटनच्या अंटार्क्टिक सर्वेक्षणातल्या फ्रेटवेल आणि ट्रॅथन यांनी २००९ मध्ये सबंध किनाऱ्याची लँडसॅट चित्रं असे डाग हुडकत चाळली. ३८ वसाहती सापडल्या, त्यातल्या दहा आधी कुणालाच माहीत नव्हत्या. शोधपत्रिकेत ‘विष्ठा’ हा शब्द इतक्या गांभीर्यानं वारंवार वापरावा लागणं ही एक वेगळीच मजा असावी.

पण मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो लँडसॅट-५ चा. १ मार्च १९८४ ला सुटला, तीन वर्षं चालावा अशी अपेक्षा होती. त्याची जागा घेणारा सहावा १९९३ मध्ये कक्षेत पोचलाच नाही. मग हा म्हातारा चालत राहिला. एकेक भाग निकामी होत होता, जमिनीवरची माणसं काहीतरी जुगाड करून त्याला चालवत होती, आणि २०१३ साली तो बंद केला तेव्हा जवळजवळ २९ वर्षं झाली होती. सातव्याचं नशीब आणखी वेगळं. २००३ मध्ये त्याच्यातला एक छोटा सुधारक भाग बिघडला आणि तेव्हापासून त्याच्या प्रत्येक चित्रावर कडेला काळे पट्टे. चित्राचा सुमारे २२ टक्के भाग गायब. लोकांनी ती चित्रं टाकून दिली नाहीत. यावेळी जिथं पट्टा आहे तिथं गेल्या खेपेचं चित्र लावून ठिगळं जोडली. गोधडीच म्हणा. मी स्वतः त्या पट्ट्यांवर आयुष्याची दोन वर्षं घालवली आहेत, त्यामुळं या उपग्रहाचं नाव निघालं की प्रेम आणि वैताग एकदमच येतात.

या नोंदवहीत एक भोक मात्र यंत्रानं पाडलेलं नाही. ऐंशीच्या दशकात ही चित्रं विकण्याचं काम खासगी हातात दिलं गेलं आणि एकेका चित्राला हजारो डॉलर पडू लागले. गिऱ्हाईक नसेल त्या भागाची चित्रं मग घेतलीच जाईनात. उपग्रह वरून जायचा, पण खाली कुणी विचारणारं नाही म्हणून डोळे मिटून. जगाच्या कितीतरी भागांच्या त्या काळातल्या चित्रांचा शोध घेतला की रिकामी यादी समोर येते. ती वर्षं आता कुठल्याही किमतीला मिळणार नाहीत. पुढं दर ६०० डॉलरवर आला, आणि २००८ मध्ये सगळा साठा फुकट खुला झाला. युरोपनं आपले सेंटिनेल उपग्रह सोडले ते पहिल्यापासूनच सर्वांना मोफत. त्याआधी अभ्यासक एखाद-दुसरं चित्र परवडेल तसं घेऊन ‘आधी’ आणि ‘नंतर’ एवढंच दाखवत. चित्रं फुकट झाली आणि मधली सगळी वर्षं एकदम हाताशी आली.

मधली वर्षं हाताशी आली म्हणजे काय, ते अरल समुद्राच्या चित्रांत कळतं. मध्य आशियातला हा समुद्र म्हणजे खरं तर तळं, १९६० मध्ये ६८ हजार चौरस किलोमीटरचं, जगात चौथ्या क्रमांकाचं. त्याला पाणी देणाऱ्या अमू दर्या आणि सीर दर्या या दोन नद्या कापसाच्या शेतांकडं वळवल्या गेल्या. ही गोष्ट सर्वांनी वाचलेली असते, वाळूत रुतलेल्या गंजक्या जहाजांचे फोटोही पाहिलेले असतात. मीही पाहिले होते. पण एका रात्री मी काही काम नसताना त्याची चित्रमाला उघडली आणि पडद्याखालचा सरकता खटका बोटानं पुढं ओढत गेले. किनारा मागं हटतो. बेट मोठं होतं. मग ते बेट राहत नाही, जमिनीला जोडलं जातं. समुद्राचे दोन तुकडे पडतात. पूर्वेकडचा भाग फिकट, आणखी फिकट, आणि २०१४ च्या उन्हाळ्यात पार कोरडा. उत्तरेचा लहान तुकडा मात्र २००५ मध्ये बांध घातल्यावर पुन्हा जरा बाळसं धरतो.

मग मी खटका मागं ओढला. पाणी भरत आलं. पुन्हा पुढं. पुन्हा मागं. किती वेळ हा खेळ चालू होता कोण जाणे. आणि मग एकदम लाज वाटली. ज्या किनाऱ्यावरून मासेमारी करणारी गावंच्या गावं उठली, तो मी बोटाच्या पेरानं आत-बाहेर करत होते, आणि खरं सांगायचं तर मला ते बघायला छान वाटत होतं. निळा, हिरवट, पांढरा मिठाचा पट्टा. फार देखणं दिसतं उद्ध्वस्त होणं, वरून. ब्राझीलमधल्या रोंडोनियात जंगल तुटत गेलं ते मुख्य रस्त्याला फुटलेल्या आडव्या फाट्यांच्या कडेनं, त्यामुळं चित्रात माशाचा काटा उमटतो, अगदी रेखीव. लोक अशी चित्रं पोस्टर करून लावतात. मी लावत नाही, पण कशासाठी लावत असतील ते मला समजतं, आणि तेच खटकतं.

आता ज्याचा विचार करायचा मी टाळते, ते. ७ फेब्रुवारी २०२१, उत्तराखंडमधला चमोली जिल्हा. रोंती शिखराच्या उतारावरून खडक आणि बर्फ मिळून सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटरचा कडा सुटला आणि खालच्या दरीत कोसळला. दोन जलविद्युत प्रकल्प वाहून गेले, दोनशेच्या वर माणसं मेली किंवा सापडलीच नाहीत. पहिल्या काही तासांत सगळीकडं एकच बोलणं होतं की हिमनदीतलं एखादं तळं फुटलं असणार. उपग्रहांच्या चित्रांनी ते खोडून काढलं. आदल्या दिवसाचं आणि त्या दिवसाचं चित्र शेजारी ठेवल्यावर डोंगरावरची ताजी काळी जखम स्पष्ट दिसत होती. इथवर आमच्या धंद्याला अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे.

मग अभ्यासकांनी मागची चित्रं काढली. २०१६ पासूनची. आणि त्यांत तो कडा सरकताना दिसला. हळूहळू, उन्हाळ्यात जास्त. २०१७ आणि २०१८ मध्ये तर बराच. वर बर्फात आणि खडकात पडलेली फट ८० मीटरपर्यंत रुंदावलेली.

चित्रं होती. फुकट होती. माझ्या संगणकावर ज्या साठ्यातून रोज चित्रं उतरतात, त्याच साठ्यात होती. मी त्या भागावर काम करत नव्हते, आणि केलं असतं तरी तेवढ्या हिमालयातल्या हजारो फटींतली नेमकी हीच कोसळणार, हे मला कळलं असतं अशी बढाई मी मारणार नाही. कडा सुटल्यावर फट दाखवणं म्हणजे वरातीमागून घोडं. तरीही. बदल एका चित्रात नसतो, दोन तारखांच्या मध्ये असतो, आणि त्या दोन तारखा समोरासमोर ठेवणारं कुणीतरी लागतं. उपग्रह बघत असतो असं आपण म्हणतो, पण तो बघत नाही, तो साठवतो. बघायचं काम अजून व्हायचं असतं.

आता पुष्कळसं बघणं यंत्रांवर सोपवलेलं आहे, आणि त्यावाचून गत्यंतरही नाही, इतकी चित्रं रोज खाली येतात. यंत्रं माझ्यापेक्षा खूप वेगानं तीच चूक करतात जी मी तिसऱ्या आठवड्यात केली होती. पानगळीला तोड म्हणतात. ढगाच्या सावलीला पाणी म्हणतात, कारण दोन्ही सारखीच काळी. ढग हे आमचं कायमचं दुखणं. कुठल्याही क्षणी पृथ्वीचा साधारण दोन तृतीयांश भाग ढगांखाली असतो, तेव्हा वरून दिसणारी पृथ्वी बहुतेक वेळा ढगांचीच असते. रडार असलेले उपग्रह ढगांतून आरपार बघतात, रात्रीही बघतात, आणि जमीन सेंटिमीटर-सेंटिमीटरनं खचली तरी सांगतात. जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेली मेक्सिको सिटी खालचं पाणी उपसल्यामुळं काही भागांत वर्षाला ५० सेंटिमीटरपर्यंत बसते आहे, हे असंच मोजलं गेलं. पण रडारचं चित्र दिसायला म्हणजे जुन्या टीव्हीवरच्या मुंग्या. सवय व्हावी लागते.

आणि यंत्रानं बरोबर ओळखलं तरी अर्थ लावायचा राहतोच. २०१९ मध्ये एक अभ्यास गाजला. २००० ते २०१७ या काळात पृथ्वी हिरवी होत गेली आणि त्यात चीन आणि भारत पुढं, असा. बातम्या आल्या, अभिनंदनं झाली. आकडे खरेच होते. पण त्याच अभ्यासात लिहिलं होतं की भारतातल्या या वाढीचा ८२ टक्के वाटा शेतीचा आहे. वरून हिरवं दिसलं ते रान नव्हे, वर्षात दुसरं-तिसरं पीक. ते पीक कशावर उभं राहिलं? त्याचं उत्तर दुसऱ्याच एका उपग्रहजोडीकडं होतं. ग्रेस नावाचे हे दोन उपग्रह एकमेकांपासून २२० किलोमीटर अंतर ठेवून एकामागून एक फिरायचे. खाली वस्तुमान जास्त असेल तिथं पुढचा आधी ओढला जातो, अंतर किंचित बदलतं, आणि त्या बदलावरून खालच्या पाण्याचं वजन निघतं. या जोडीनं दाखवलं की वायव्य भारतात ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या सहा वर्षांत १०९ घनकिलोमीटर भूजल कमी झालं. एक उपग्रह म्हणतो हिरवळ वाढली, दुसरा म्हणतो विहिरी खाली गेल्या. दोघंही खरं बोलतायत. मला या दोघांचं एकमेकांशी बोलणं ऐकायला आवडतं. बातमीत बहुधा एकालाच बोलावलेलं असतं.

चित्रावर विसंबायचं किती, याचं आमच्या कामातलं उत्तर म्हणजे पडताळणी. प्रत्यक्ष जागेवर जायचं आणि चित्रात जे दिसतंय ते तिथं आहे का बघायचं. सर निवृत्त व्हायच्या आधीच्या शेवटच्या पडताळणीला मी त्यांच्याबरोबर गेले, आणि त्यांनी यादीत माझं ते पहिल्या वर्षीचं जंगल मुद्दाम घातलं होतं.

एप्रिलच होता. साग पार उघडा. सुपाएवढी वाळकी पानं पायाखाली चुरचुरत होती, दबकत चालायची सोय नाही. आम्ही टेपनं १० बाय १० मीटरचा चौकोन आखला. सेंटिनेलचा एक पिक्सेल. हातातलं जीपीएस तीन-चार मीटर इकडंतिकडं सांगतं, म्हणजे आम्ही नेमक्या कुठल्या पिक्सेलमध्ये उभे आहोत हे देवालाच ठाऊक, असं सर म्हणाले. आणि तरी दोरी ताणून बांधायला लावलीच.

पडद्यावर तो चौकोन म्हणजे एक रंग. करडा. आत काय काय होतं ते मी वहीत लिहिलं. सागाची चार झाडं, त्यातलं एक बुंध्याशी जळालेलं. एक जुना खुंट, कुऱ्हाडीचे घाव अजून ओळखू येणारे. गुडघ्याएवढं वारूळ. पाणी वाहून पडलेली एक घळ, त्यात अडकलेली पानं. एका दगडाखालून सरडा निघाला आणि दोरी ओलांडून शेजारच्या पिक्सेलमध्ये गेला. आणि जळक्या बुंध्याच्या मुळाशी, बोटभर लांबीचा, तांबूस कोवळा फुटवा.

“साडेदहा,” सर घड्याळ बघत म्हणाले. उपग्रह वरून जायची वेळ. ७८६ किलोमीटर वर, सेकंदाला सात किलोमीटरहून जास्त वेगानं. आमच्या चौकोनावरून त्याची नजर सरकायला पापणी लवायचाही वेळ लागणार नव्हता. मी वर बघितलं. अर्थातच काही दिसलं नाही. हात हलवायचा मोह झाला होता, सर होते म्हणून आवरला. सबंध आकाशात एकच ढग होता आणि त्याची सावली बरोबर आमच्यावर आली होती. सर खुंटावर बसून टोपीनं वारा घेत होते. एवढ्या उन्हात तेवढीच मेहेरबानी, असं मला वाटलं.

दोन दिवसांनी चित्र आलं. मी उतरवून घेतलं आणि आमची जागा शोधली. उतार सगळा करडा, आणि मधोमध, आम्ही दोरी बांधली होती तिथं, एक गडद काळा डाग. संगणकानं वर्गीकरण करून त्याला निळा रंग भरला होता. जलाशय.

सर खुर्ची ओढून जवळ आले. चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले.

“म्हणजे आपण पाण्यात उभे होतो तर,” ते म्हणाले. मग जरा वेळानं, “तारीख लिहून ठेव. पाच दिवसांनी येतोय परत.”